बाळ कुणाचं नाव मागतंय

मंगळवार, ४ जून २०१३

आजपासून लिहून ठेवणार आहे. तोंडी आरोप वाऱ्यावर जातात. तारीख, वार आणि साक्षीदार असले की टिकतात. छत्तीस वर्षं मुलांची हजेरी मांडली, ही आणखी एक.

माझ्याच घरात कुठेतरी पाणी मुरतंय.

नातू चोवीस दिवसांचा झाला. पहाटे जन्मला म्हणून त्याला ओकिन्यी म्हणतात. त्याला माझी हरकत नाही, पहाट काही सैतानाची नाही. बाप्तिस्म्याचं नाव मी ठरवून ठेवलंय: एझेकिएल. ७ जुलैला पाळक ओमोंडी त्याच्यावर पाणी घालतील. पण गेले दहा दिवस पोर रडतंय. भुकेचं रडणं मला कळतं, चार मुलं वाढवलीत. हे तसं नाही. दवाखान्यातल्या बाईंनी पोटात वारा धरलाय म्हणून थेंब दिले. थेंब संपले, रडणं संपलं नाही.

अशा पोराबद्दल आमचे लोक काय म्हणतात ते मला पाठ आहे. कुणी मेलेला त्याच्या तोंडून आपलं नाव मागतोय, म्हणे. मग बायका त्याला मांडीवर घेऊन घरातल्या मेलेल्यांची नावं एकेक करून घेतात. ज्या नावाला पोर गप्प झालं, तो परत आला. अकरा वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या मंडळीने याविरुद्ध ठराव केला. बाप्तिस्म्याला शास्त्रातलं एकच नाव द्यायचं, आणि ज्याच्या घरात पोराला मेलेल्यांची नावं ऐकवली जातील त्याला वडील मंडळात, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठांत, जागा नाही. ठराव मी मांडला होता. वहीतलं अक्षरही माझंच आहे.

आज मी स्वैपाकघरात पाऊल टाकलं आणि तिघी एकदम गप्प झाल्या. माझी बायको रोझलिडा, सून मिलिसेंट आणि पेरेस वहिनी. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची विधवा. तिचं घर आमच्या कुंपणाला लागूनच आहे, वेगळ्या फाटकाआड. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती माझ्या पुढच्या दाराने कधी आलेली नाही. आजही मागच्याच दाराने आली होती.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"मासळी निवडतोय," रोझलिडा म्हणाली.

सुपात मासळीचा एक काटाही नव्हता. नोंद केली.

गुरुवार, ६ जून

आज एक चांगली गोष्ट घडली. जेवताना रोझलिडा म्हणाली, "टोबियसचे बाबा, तुमच्या आजोबांचा एक भाऊ सरोवरात बुडाला होता ना? त्याचं नाव काय हो?"

"ओचुओडो. आणि बुडाला नाही, त्याला मगरीने नेलं."

"बाई गं! आणि त्याच्या आधीचा?"

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत या बाईने माझ्या घराण्याबद्दल कधी चौकशी केली नव्हती. मी कॅलेंडरचं मागचं पान घेतलं आणि झाडच काढून दिलं. रादिएर, त्याची दोन मुलं, मग न्यांग्वेसो, त्याची लंगडी बहीण अवितो, पटकीत गेलेला ओगोला. सात पिढ्या. वंशावळ सांगायला बसलो की मला वेळेचं भान राहत नाही. माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत आलो आणि खाली उतरणार, एवढ्यात ती म्हणाली, "पुरे आता, मक्याची उगाली गार होतेय." आमची पिढी तिला माहीतच आहे म्हणा.

तो कागद तिने घडी घालून चोळीत ठेवला. म्हातारपणी का होईना, इतिहासाची गोडी लागली.

शनिवार, ८ जून

मुलगा टोबियस, पोराचा बाप, किसुमू शहरातून आला. तिथे फ्रिज दुरुस्त करतो. येताच पोराला उचललं आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाबा, हा वाळलाय. मी याला किसुमूला नेतो, बालरोगवाल्याकडे."

"दाखवलंय दवाखान्यात. आधी घरातली घाण काढू."

"कसली घाण?"

"आईला विचार."

"मला कशाला विचारतो?" रोझलिडा चुलीपाशी बसूनच म्हणाली. "मी या घरात फक्त भांडी घासते."

टोबियस माझ्याकडे बघत राहिला. तो लहानपणापासून असाच बघतो, मनात एक आणि तोंडात दुसरंच. उद्या दुपारी परत जाणार. पुढच्या शनिवारी मित्राची गाडी घेऊन येईन म्हणाला. मी बघू म्हटलं.

पुरावा म्हणून लिहून ठेवतो: बाळ सारखं उजवा कान चोळतं. मुठीने कानावर मारतं, डोकं आईच्या खांद्यावर घासतं. मिलिसेंट म्हणाली, "उजव्या कुशीवर टाकलं की जास्तच रडतो, बाबा." म्हणजे कोणत्या कानात पुटपुटतात ते कळलं.

रविवार, ९ जून

उपासनेनंतर पाळकांनी हात हातात घेतला आणि हसून विचारलं, "काय मास्तर, नातू गप्प झाला का?"

बरा आहे का, असं नाही विचारलं. गप्प झाला का, असं विचारलं. हा शब्द त्यांना कुठून सुचला? त्यांच्या बायकोची आणि रोझलिडाची विहिरीवर ऊठबस आहे. अर्धी मंडळी घरी जाऊन हेच करते हे मला माहीत आहे, पण त्यांच्यापैकी ठराव कुणी मांडला नव्हता. माझ्या घरात सापडलं तर गावभर हसू होईल.

मंगळवार, ११ जून

पकडलं.

दुपारी शाळेच्या सभेला जातो म्हणून निघालो आणि मळ्याकडून वळसा घालून धान्याच्या कणगीमागे येऊन बसलो. पालथ्या बादलीवर. चौसष्टाव्या वर्षी स्वतःच्या घरावर पाळत ठेवायची वेळ आली. कोंबड्या माझ्याकडे बघत होत्या.

पोर रडत होतं. मग वहिनीचा आवाज आला, भाकरी थापावी तसा संथ. "रादिएर, तू आहेस का? रादिएर असशील तर थांब." रडणं चालूच. "न्यांग्वेसो? अवितो, लंगडी माझी बाई, तू का गं? ओगोला? मगरीने नेलेला ओचुओडो?"

माझी वंशावळ! माझ्याच क्रमाने! मगरीसकट! कॅलेंडरचा कागद आठवला आणि डोकं तापलं. आत घुसलो.

"वहिनी! माझ्या घरात हे?"

ती दचकलीही नाही. "घर तुझ्या बापाचंही होतं, मास्तर. त्याला विचारत होते, तू आलायस का म्हणून."

"तुम्हाला कोण यायला हवंय ते मला कळत नाही का? या दूधपित्या लेकराच्या तोंडून स्वतःच्या नवऱ्याचं नाव वदवून घ्यायचंय तुम्हाला! नऊ वर्षं वाट बघितलीत याची."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. पोर रोझलिडाच्या हातात दिलं, पदराला हात पुसले आणि मागच्या दाराने निघून गेली. मिलिसेंट रडायला लागली. रोझलिडा म्हणाली, "छत्तीस वर्षं मास्तरकी केलीत, पण माणसं काही वाचता येईनात तुम्हाला."

चोराच्या उलट्या बोंबा.

बुधवार, १२ जून

घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. चहा येतो, कप आदळतो.

जे शिकवलं ते नीट मांडून बघतो. माणूस एकदाच मरतो आणि शेवटच्या दिवशी एकदाच उठतो. मेलेला नातवाच्या रूपाने परत येत असेल तर त्या दिवशी थडग्यातून कोण उठणार? एकच नाव पाच पोरांत फिरलं तर पाचांतला कोण? प्रभू हाक मारील तेव्हा पाच जण ओ देतील. हे हास्यास्पद आहे. मंडळीत मी हेच विचारलं होतं, आणि सगळे हसले होते, आणि ठराव झाला होता.

पण लिहायला बसलो की दुसरं काहीतरी समोर येतं. बारा वर्षांचा होईपर्यंत मी ओयिएको होतो. मग मिशनच्या शाळेत पाणी पडलं आणि एलायजा झालो. हजेरीत एलायजा, पगाराच्या कागदावर एलायजा. ओयिएको म्हणून हाक मारणारी माणसं एकेक करून गेली. शेवटचा एकच उरला होता, माझा थोरला भाऊ. भर बाजारात, पाळकांच्या देखत, लांबून ओरडायचा, "ए ओयिएको!" मला तेव्हा राग यायचा. एखाद्याचं जुनं नाव हाक मारणारं कुणीच उरलं नाही, तर तो माणूस मेला म्हणायचं का? शास्त्रात याचं उत्तर असेल. मला सापडलेलं नाही.

त्याच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तरी एकदाच लिहितो, म्हणजे प्रकरण मिटेल. तो पांढऱ्या झग्यांच्या, ढोल वाजवणाऱ्या लोकांत गेला होता. ते स्वप्नं सांगतात, घुमतात. आजारी पडला तेव्हा निरोप पाठवला, प्रार्थनेला ये. मी उलट निरोप दिला, आधी झगा आणि ढोल जाळ, मग येतो. चाळीस पावलांवर त्याचं घर. अकरा दिवस मी वाट बघितली. बाराव्या दिवशी आतून रडण्याचा आवाज आला. मातीला मी गेलो, पण त्याच्या फाटकाबाहेर उभा राहिलो, कारण आत ढोल वाजत होते. मूठभर माती टाकली नाही. नंतर बायका त्याचं नाव घेऊन गळे काढायच्या, म्हणून या घरात ते नाव घ्यायचं नाही असं बजावलं. श्रद्धेपायी माणसाला कठोर व्हावं लागतं. मी बरोबरच केलं.

वरचं वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय. का ते कळत नाही.

शुक्रवार, १४ जून

बाळ सकाळपासून अंगावर प्यायलेलं नाही. टाळू आत गेल्यासारखी दिसते. रडण्याचा आवाजही आता चिरका झालाय. टोबियस उद्या गाडी घेऊन येतोय. मला भीती वाटते.

मंडळापुढे अहवाल द्यायचा तर यादी हवी, म्हणून रोझलिडाला समोर बसवलं. "कोणकोणती नावं घेतलीत, सगळी सांग. एकही लपवू नकोस."

तिने बोटांवर मोजत सांगितली. कागदावरची सगळी. माझे आजोबा, माझी आई, माझे वडील. तिच्या माहेरचे तिघे. मिलिसेंटचा लहानपणी गेलेला भाऊ. शेजारचा एक म्हातारा, बाळ जन्मलं त्या आठवड्यात गेलेला. एकोणतीस नावं.

"आणि?"

"आणि काही नाही."

मी यादी पुन्हा वाचली. मग पुन्हा. ज्याची मला खात्री होती, ज्याच्यासाठी मी त्या बादलीवर बसलो होतो, तेच नाव नव्हतं.

"खोटं बोलतेस."

"मी एकदा घ्यायला गेले होते," रोझलिडा म्हणाली. "वहिनींनी माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, सगळ्यांना बोलव, त्याला नको."

"का?"

"ते त्यांना विचारा. चाळीस पावलांवर राहतात."

वहिनीबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं आज चुकीचं ठरलं. कुणावर संशय घ्यावा ते आता कळत नाही.

शनिवार, १५ जून, दुपार

रोझलिडा बाजारात गेली. मिलिसेंट तीन रात्रींची जागी होती, भिंतीला टेकली तशी झोपली. पोर माझ्या मांडीवर.

मी आधी प्रार्थना केली. मग स्तोत्र गायलो. तो रडतच होता. मग मी म्हटलं, "एझेकिएल." रडत राहिला. मग कोण जाणे कसं, शास्त्रातली नावं आठवतील तशी घेत सुटलो. आणि एका क्षणी लक्षात आलं की मी त्या बायका करतात तेच करतोय, फक्त माझे मेलेले दुसऱ्या देशातले आहेत.

दार लोटून घेतलं. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तोंडाने म्हटलं, "ओबोन्यो."

लिहिलं. आता खोडणार नाही.

"ओबोन्यो," मी म्हटलं, "तू आहेस का?"

पोर गप्प झालं नाही.

मी पुन्हा विचारलं. मोठ्याने विचारलं. "ओबोन्यो, मी ओयिएको. तू असशील तर थांब." ते तसंच चिरकत राहिलं, कान चोळत, पाय झाडत. मी त्याला छातीशी धरून विनवण्या करत होतो. चौसष्ट वर्षांचा म्हातारा, मंडळीचा वडील. झगा राहू दे, ढोल राहू दे, फक्त गप्प हो, म्हणजे मला कळेल. तो झाला नाही.

तेव्हा मला समजलं की मी काय करत होतो. इतके दिवस मी त्या नावाला पकडायला टपून बसलो होतो असं मला वाटत होतं. मी त्याची वाट बघत होतो. आणि तो आला नाही. का येईल? मी तरी कुठे गेलो होतो!

दोघं रडत बसलो. मिलिसेंट जागी झाली, तिने आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पोर माझ्याकडून घेतलं.

गाडीचा आवाज येतोय. टोबियस आला. मी म्हणणार आहे, आत्ताच्या आत्ता घेऊन जा.

बुधवार, १९ जून

कान. उजव्या कानात पू झाला होता, डाव्यात सुरुवात होती. किसुमूच्या डॉक्टरीणबाईंनी नळीने दूध दिलं, सुया दिल्या. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर, म्हणाल्या, आणि पुढचं बोलल्या नाहीत. काल सगळे घरी आले. पोर आज दूध पिऊन झोपलंय. डावीकडे, उजवीकडे, कसंही.

त्याने इतके दिवस कान दाखवला. मी ते लिहून ठेवलं, तारखेसकट, पुरावा म्हणून. मागची पानं वाचताना माझी मलाच शिसारी आली. टोबियस एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी वहिनीच्या दाराशी गेलो. ती शेंगा सोलत होती. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी उभ्याने विचारलं, "वहिनी, सगळ्यांची नावं घेतलीत. त्याचं का नाही?"

"घेतलं असतं आणि पोर गप्प झालं असतं तर?"

"तर काय?"

"तर तू त्या पोराला जन्मभर फाटकाबाहेर उभं केलं असतंस." शेंगा सोलणं थांबलं नाही. "मेलेल्याला सोसलं. याला कसं सोसलं असतं?"

मी म्हटलं, "मी घेतलं. शनिवारी. तो गप्प झाला नाही."

आता तिचे हात थांबले. मग तिने पायाने एक तिवई माझ्याकडे सरकवली. मी बसलो. अंधार पडेपर्यंत दोघं शेंगा सोलत होतो. शेंगा किडक्या निघताहेत यंदा, एवढंच ती म्हणाली.

रविवार, ७ जुलै

घरी येऊन जेवलो आणि थेट लिहायला बसलोय.

आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वहीतलं नाव घरातला वडीलधारा मोठ्याने वाचतो, मग पाळक पाणी घालतात. वहीत काल मीच लिहिलं होतं, एझेकिएल, ठळक अक्षरात. टोबियस आणि मिलिसेंट पुढे उभे. रोझलिडा नवीन रंगीत लेशो नेसून. वहिनी आत आली नव्हती. खिडकीबाहेर उभी होती, पांढरा झगा घालून.

"या बाळाचं नाव?" पाळकांनी विचारलं.

"एझेकिएल," मी वाचलं. आणि वही मिटून म्हटलं, "ओबोन्यो."

पाळक माझ्या कानाशी वाकले. "मास्तर, हे काय? ठराव तुमचा आहे."

"माझाच आहे. पोराला कुणी काही ऐकवलं नाही असं मी म्हणणार नाही. मीच ऐकवलं. गुरुवारच्या बैठकीत मंडळातली माझी जागा रिकामी समजा. पण पाणी आत्ता घाला, पोर हाताला जड झालंय."

पाळकांनी टोबियसकडे पाहिलं. टोबियस माझ्याकडे बघत होता, पण आज मनात एक आणि तोंडात दुसरं असं नव्हतं. "घाला पाणी," तो म्हणाला. "एझेकिएल ओबोन्यो."

पाणी पडलं तेव्हा पोर किंचाळलं. चांगलं खणखणीत, धडधाकट पोराचं रडणं.

मी केलं ते श्रद्धेचं होतं की श्रद्धेविरुद्धचं, मला ठाऊक नाही. बाहेर आलो तर लोक दोन पावलं लांबून जात होते. वहिनी झाडाखाली थांबली होती.

"मास्तर," ती म्हणाली, "पोराने मागितलं नव्हतं."

"नव्हतं, वहिनी. मी मागितलं."

तिने मिलिसेंटकडून बाळ घेतलं. त्याची टोपी नीट केली, कानावर ओढली, आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "चल ओबोन्यो, घरी चल. ओयिएकोला भूक लागली असेल. लहान आहे तो तुझ्याहून."

मी त्यांच्या मागून चालत गेलो.